हातभर जागा

सरांच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्याची नजर यंत्रांवर जाते, दुसऱ्यांदा येणाऱ्याची भिंतीवरच्या नकाशावर. आणि जो तिथे रुळतो, त्याला हळूहळू टेबलावरची रिकामी जागा दिसू लागते. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतलं घर, लाकडी जिन्याची माडी, आणि माडीच्या टोकाला ही दहा बाय आठची खोली. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली. हौशी रेडिओचा परवाना मात्र त्यांनी नोकरी लागण्याच्याही आधी मिळवलेला. हॅमची, म्हणजे अशा हौशी रेडिओवाल्या माणसाची, खोली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तारांचं जंजाळ, पोट उघडलेली यंत्रं, सोल्डरचा धूर आणि त्यात हरवलेला एक चष्मा असं काहीसं चित्र उभं राहतं. इथे मात्र एक सागवानी टेबल, त्याच्या मागच्या अर्ध्या भागात शहाण्या मुलांसारखे ओळीनं बसलेले रेडिओ, ट्यूनर, स्पीकर. आणि पुढचा अर्धा भाग नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा मोकळा. त्या मोकळ्या अंगणात दोनच वस्तू: एक उघडी वही आणि एक पितळी मोर्स की, म्हणजे आखूड-लांब टकटकीतून अक्षरं पाठवायचा खटका.

ही मोकळी जागा किती आहे, ते मी एकदा मोजलं. पट्टी हाताशी नव्हती म्हणून हातानंच मोजलं, आणि हसू आलं. कारण ती बरोबर हातभर निघाली. आपल्या जुन्या मापांत हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर: दोन विती, चोवीस अंगुळं, साधारण 18 इंच. आणि या जागेचं प्रयोजनही नेमकं तेच आहे. की टेबलाच्या कडेपासून हातभर आत स्क्रूनं पक्की बसवलेली. खुर्चीत बसून उजवा हात पुढे केला की कोपर कडेशी टेकतं, अख्खा हात लाकडावर विसावतो आणि बोटं आपसूक कीच्या काळ्या गुंडीवर येतात. भार टेबल घेतं, हलतं ते फक्त मनगट. की कडेजवळ असती तर हात अधांतरी राहिला असता, आणि अधांतरी हात दहा मिनिटांत भरून येतो. भरून आलेल्या हाताचे आखूड ‘डिट’ लांबतात, लांब ‘डा’ आखडतात, आणि सातासमुद्रापलीकडे कान लावून बसलेल्या अनोळखी माणसाला कळतं की इकडचा गडी दमला आहे. एरवी वाया गेल्यासारखी दिसणारी ही जागा अशी एका हातासाठी राखून ठेवलेली बैठक आहे, आणि मापही त्या हाताचंच.

टेबल मूळचं शिंप्याचं. बाजारात एक जुनं दुकान मोडलं तेव्हा सरांनी कापड बेतायचं ते टेबल उचललं. कारण साध्या लिहायच्या टेबलाची खोली पुरत नाही, रेडिओ मागे सरकवल्यावर पुढे हात उरत नाही. शिंपी उभ्यानं कापड कापतो, म्हणून त्याचं टेबल उंच. सरांनी सुताराला बोलावून चारही पाय कापून घेतले आणि पृष्ठभाग जमिनीपासून 28 इंचांवर आणला, म्हणजे बसल्यावर खांदे वर चढत नाहीत. कडेला अजून कात्रीच्या ओरखड्यांच्या बारीक रेषा आहेत. आणि टेबल भिंतीला चिकटवलेलं नाही. मागे एक माणूस पाठ भिंतीला घासत आडवा शिरेल एवढी फट आहे. खोली लावताना आपण सगळे पुढून कशी दिसेल ते पाहतो. सरांनी ती मागून लावली आहे. त्या फटीत शिरलं की दिसतं: प्रत्येक तारेच्या टोकाला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर शाईनं नाव, आणि सगळ्या यंत्रांच्या पाठी एकाच जाड तांब्याच्या पट्टीला जोडलेल्या, ती पट्टी पुढे भिंतीतून उतरून परसातल्या कोळसा-मिठाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेलेली. पुढच्या अंगणाची प्रसन्नता या मागच्या बोळाच्या शिस्तीवर उभी आहे. ज्याला पाठीमागचं नीट हाती लागतं, त्यालाच पुढे निवांत बसता येतं.

अशा खोलीला जगभरचे हॅम ‘शॅक’ म्हणतात. शॅक म्हणजे खोपटं. बिनतारी यंत्र नवं होतं तेव्हा जहाजांच्या डेकवर त्याच्यासाठी वेगळं लाकडी खोपटं उभारत आणि तिथून हे नाव आलं, असं सांगतात. नावातली ती विनम्रता मला फार आवडते. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही पोचणाऱ्या जागेनं स्वतःला खोपटं म्हणवून घ्यावं, यात एक मिश्कील भारदस्तपणा आहे. सरांची शॅक त्यांच्या आजीच्या काळी धान्याची खोली होती. मातीच्या जाड भिंती, एकच झरोका, पावसाळ्यातही कोरडी राहणारी फरशी. कणग्या गेल्या, पण खोलीनं आपला पिंड सोडला नाही. दाणा ठेवायचा आणि फोलपट बाहेर टाकायचं, हे ती तेव्हाही जाणत होती आणि आजही तेच करते. फक्त आता पाखडायचा असतो तो आवाज.

आणि इथे आपल्याला या खोलीचं खरं मर्म सापडू लागतं. वर पाहा: पंख्याचा रेग्युलेटर. स्विचबोर्डाच्या शेजारी वीतभर लांबीची एक काळी, जाडजूड पेटी, आतल्या तारेच्या गुंडाळ्यामुळे हाताला कोमट लागणारी, आजीच्या घरात असायची तशी. नव्यानं येणारा प्रत्येक जण विचारतो, “सर, हे अजून बदललं नाही?” सर म्हणतात, “बदललेला बदलून परत हा लावलाय.” आजचे सुबक, छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कापून पंख्याला देतात, आणि त्या प्रत्येक कापाबरोबर एक बारीक ठिणगीसारखा गोंगाट तारांवाटे घरभर पसरतो. आपल्या कानांना तो कधीच ऐकू येत नाही. रेडिओला मात्र दुसरं काही ऐकू येत नाही. जुनी पेटी वीज उष्णतेत घालवते, पण गप्प राहते. त्याच न्यायानं टेबलावरचा दिवा पिवळ्या तारेचा आहे, कारण स्वस्त एलईडी बल्बच्या बुडातलं सर्किटही असंच कुजबुजतं. आणि खरी झुंज लागते तेव्हा तो पंखाही बंद होतो. म्हणूनच खुर्ची वेताची आहे, पाठीतून वारा खेळू देणारी, चाकं नसलेली, न करकरणारी. एकेक वस्तू घ्या आणि तिला विचारा की तू इथे का आहेस. उत्तर एकच येतं. देहाला सुख व्हावं, म्हणजे देहाचा विसर पडेल, म्हणजे कान मोकळा होईल.

या शांततेचा उत्सव पाहायचा असेल तर वीज जाण्याची वाट पाहावी. घराघरांत वीज गेली की आपण चुकचुकतो. या खोलीत सरांचा चेहरा उजळतो. गल्लीतले टीव्ही, मोबाइलचे चार्जर, पाण्याच्या मोटारी, इन्व्हर्टरवर न चालणारं सगळं एका क्षणात निजतं, आणि रेडिओच्या मीटरवर सात-आठवर रेंगाळणारी सुई सावकाश उतरत एक-दोनवर येऊन बसते. रेडिओ टेबलाखालच्या बॅटरीवर चालूच असतो. नुसतं ऐकायला त्याला जेमतेम अँपिअरभर लागतं, शंभर वॅटनं बोलू लागला की वीसेक. खिडकीबाहेर काळोख, आणि स्पीकरमधून येणारी ती खोल, मऊ सळसळ, जणू दाट पानांवरून वारा जातो आहे. त्या सळसळीखाली आतापर्यंत दडलेले आवाज मग एकेक करून वर येतात, तळ्याचं पाणी निवळल्यावर तळाचे गोटे दिसावेत तसे. ते मघाशीही तिथेच होते. गलका आपला होता.

आता खुर्चीत बसून रेडिओकडे पाहू या. त्याचे पुढचे दोन पाय किंचित उचललेले आहेत, त्यामुळे तबकडी नजरेला सामोरी येते आणि मान वाकवावी लागत नाही; ट्यूनिंगची मोठी चकती डाव्या हाताशी येईल अशी जागा साधली आहे, कारण उजवा हात कीवर किंवा पेन्सिलीवर गुंतलेला असतो. त्या चकतीवर बोटासाठी एक खळगा आहे. त्यात तर्जनी ठेवून चकती फिरवली की ती कसलाही झटका न देता, तेल घातलेल्या जात्यासारखी फिरते. चाळीस मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास, संध्याकाळी कुणीतरी बोलत असतं. पण पहिल्यांदा ऐकू येतं ते बदकाचं भांडण. इथे बोलण्यासाठी वापरतात त्या पद्धतीच्या प्रक्षेपणात मूळ वाहक लहर पाठवतच नाहीत, ती ऐकणाऱ्यानं आपल्या यंत्रात अचूक जागी उभी करायची असते. केसभर चुकली तरी माणसाचा आवाज चिरका किंवा घोगरा होतो. चकती तसूभर फिरवा. बदक किंचित शहाणं होतं. आणखी जरा. आणि मग एक क्षण असा येतो की त्या चिवचिवाटातून एकदम माणूस बाहेर पडतो. त्याचं वय, त्याचा खोकला, त्याच्या हिंदीतला तमिळ हेल, मागे वाजलेली कुकरची शिट्टी, सगळ्यासकट. मी हे शेकडो वेळा केलं असेल, तरी त्या क्षणी अंगावर येणारा बारीक शहारा अजून जुना झालेला नाही. त्यानंतर फिल्टरचं बटण. बोलण्यासाठी साधारण 2400 हर्ट्झची चाळणी, मोर्ससाठी 500 ची. आजीच्या खोलीतलं सूप इथे असं नव्या रूपात नांदतं: शेजारचे आवाज फोलपटासारखे उडून जातात, आणि आपल्याला हवा तो दाणा टचकन सुपात उरतो.

बोलण्याआधीची रीत तर याहून गोड आहे. आपण मोकळी वाटणारी जागा शोधली, आता हाक मारायची. पण हॅम थेट हाक मारत नाही. तो आधी थांबून ऐकतो, मग कीवर तीन अक्षरं आणि प्रश्नचिन्ह वाजवतो: क्यूआरएल? अर्थ असा, की ही जागा कुणी वापरत आहे का? पुन्हा थांबतो. कुणी हो म्हटलं तर मुकाट दुसरीकडे सरकतो. मला दरवेळी एसटी आठवते. गर्दीच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारेही आपणच, आणि रिकाम्या बाकापाशी उभं राहून “इथं कुणी बसलंय का?” विचारणारेही आपणच. हौशी रेडिओनं आपल्यातल्या त्या दुसऱ्या माणसाला निवडलं आणि त्याच्या अदबीला जगभर चालणारी संज्ञा दिली. आकाशात रुमाल टाकता येत नाही. विचारूनच बसावं लागतं. टेबलावरची हातभर जागा आणि ही विचारून घेतलेली जागा यांचं नातं मला याच प्रश्नचिन्हापाशी कळलं.

टेबलाच्या वर, नजरेच्या टप्प्यात, दोन घड्याळं शेजारी शेजारी टांगली आहेत. एक आपलं. दुसरं साडेपाच तास मागे, जागतिक प्रमाणवेळेचं. रेडिओवरची प्रत्येक भेट वहीत त्याच वेळेनं नोंदवायची, म्हणजे टोकियोचा माणूस आणि टांझानियाचा माणूस एकाच क्षणाला एकाच नावानं ओळखतो. दोन्ही घड्याळं सारख्याच आकाराची, एकाच बनावटीची, आणि दोघांचे सेकंदकाटे सरांनी असे जुळवले आहेत की टिकटिक एकच ऐकू येते. मिनिटकाटे मात्र कायम समोरासमोर: एकाचा वर, तर दुसऱ्याचा खाली. तो अर्धा तास आपला खास. या दुसऱ्या घड्याळात मध्यरात्र होते तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. गल्लीत सडा पडत असतो, दुधाच्या किटल्या खणखणत असतात, आणि वहीत सर नवी तारीख घालतात. साऱ्या जगाचा दिवस कोल्हापूरच्या सडासंमार्जनाच्या मुहूर्तावर उजाडतो, ही कल्पना त्या दोन स्वस्त घड्याळांनी मला फुकट दिली.

घड्याळांच्या खाली तो नकाशा. पहिल्या दर्शनी तो चुकलेला वाटतो. हा गोल आहे, आणि त्याच्या मध्यबिंदूवर कोल्हापूर आहे. मध्यापासून कोणत्याही गावाकडे सरळ रेघ ओढली की ती खरी दिशा आणि खरं अंतर दाखवते. बाकी सगळ्या आकारांची मात्र त्यापायी दैना होते. भारत ओळखू येतो, आफ्रिका जरा बाक काढून उभी राहते, दक्षिण अमेरिका केळीच्या पानासारखी पसरते. न्यूयॉर्कची रेघ आपण शाळेतल्या नकाशाच्या सवयीनं पश्चिमेला शोधतो. इथे ती जवळजवळ उत्तरेला, 334 अंशांवर, ध्रुवाच्या बाजूनं जाते, कारण गोलावरची जवळची वाट तीच आहे. आणि आता त्या नकाशाच्या कडेकडे पाहा. ते सबंध वर्तुळ, सगळा परीघ, म्हणजे प्रत्यक्षात एकच बिंदू आहे: आपल्या पायांखाली थेट पलीकडे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला पॅसिफिकच्या अथांग पाण्यात असलेला, इथून वीस हजार किलोमीटरवरचा. उत्तरेला निघा, दक्षिणेला निघा, सरळ जात राहिलात तर तिथेच पोचाल. सरांकडे दिशा बदलता येईल असा फिरणारा अँटेना नाही. या नकाशाचा त्यांना व्यवहारात फारसा उपयोग नाही. तरी तो तिथे आहे, आणि खोली त्याच्यामुळे मोठी झाली आहे. देवघरात बसलेल्या माणसाला जशी देवाची दिशा लागते, तशी या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकण्याची दिशा लागत असावी.

सरांचा अँटेना म्हणजे एक तार. गच्चीवरच्या लोखंडी पाइपाच्या टोकापासून दोन बाजूंना दहा-दहा मीटर उतरणारी, उलट्या ‘व्ही’सारखी, एक टोक कठड्याला, दुसरं नायलॉनच्या दोरीनं शेजाऱ्यांच्या नारळाला. शेजाऱ्यांनी दोरी बांधू दिली, त्याबद्दल दर दिवाळीला फराळाचं ताट जातं. हा बहुधा जगातला सगळ्यात चविष्ट अँटेना-करार असावा. लहरीची लांबी चाळीस मीटर, तिच्या निम्मी वीस, तिचे दोन हात दहा-दहाचे. या हिशोबात गणित आहे, पण शिंप्याचं गणित, अंगावर बेतून कापण्याचं. सर तार आधी थोडी लांबच कापतात आणि मग बोटभर बोटभर छाटत मापात आणतात. तारेची केबल झरोक्यातून आत येते, आणि झरोक्याच्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवली आहे चिनीमातीची एक लोणच्याची बरणी. वैशाखात पश्चिमेला ढग काळवंडू लागले, रेडिओत कडकड वाढली, की सर केबल रेडिओपासून सोडवतात, बाहेर सारतात आणि तिचं टोक बरणीत घालून ठेवतात. वळीव येतो, गर्जतो, जातो. टोक बरणीत कोरडं, घरापासून तुटलेलं. एका उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या खोलीत मी हे केलं नाही. वीज आमच्या घरावर पडलीही नव्हती, कुठेतरी दोन गल्ल्या पलीकडे पडली असेल. पण दुसऱ्या दिवशी माझा रेडिओ बोलत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. सरांनी तो उघडून जळका भाग दाखवला, बदलून दिला, आणि निघताना हातात एक रिकामी बरणी ठेवली. तीत आधी लिंबाचं लोणचं असावं.

समोरच्या भिंतीवर नकाशा, तर पाठीमागच्या भिंतीवर पत्रं. क्यूएसएल कार्डं म्हणतात यांना: अमुक दिवशी, अमुक वेळी आपली रेडिओवर गाठ पडली, याची पोस्टकार्डाएवढी पावती. एकावर रेनडिअर, एकावर द्राक्षांचा मळा, एकावर नुसता हातानं काढलेला डोंगर. त्यांच्या मधोमध सरांचा परवाना चौकटीत. भारताचं ‘व्हीयू’ या दोन अक्षरांनी सुरू होणारं ते नाव मिळवायला त्या वेळी पहिल्या श्रेणीसाठी मिनिटाला 12 शब्दांच्या गतीनं मोर्स ऐकावा आणि वाजवावा लागे. चौकट उगाच नाही. आपल्याकडे 1921 च्या सुमारास अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांच्यापासून हा छंद सुरू झाला असं मानतात. दुसरं महायुद्ध पेटलं तसं सरकारनं सगळे हौशी परवाने रद्द केले, यंत्रं जमा करायला लावली. त्या सक्तीच्या मौनातच 1942 च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत तो नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला, आणि त्याचा ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर हे याच हौशी परंपरेतले होते. एवढं आठवलं की त्या परवान्याच्या कागदाकडे पाहण्याची आपली नजर बदलते. आवाज उचलण्याची मुभा ही किती दुर्मीळ चीज आहे, ते तो कागद न बोलता सांगतो.

कार्डांच्या खालच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात बसवलेला एक छोटा रेडिओ आहे, सरांनी स्वतः जोडलेला. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाची एक रचना केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतील अशा सुट्या भागांतून दुतर्फा बोलणारा रेडिओ घरी बांधता यावा, हा तिचा बाणा. परदेशी चुंबकी कडी मिळत नसतील तर गुंडाळी कशावर घालायची? तर नळाच्या वायसरवर. सर डब्याचं झाकण उघडून ती वायसरवर घातलेली तांब्याची नाजूक वेटोळी दाखवतात, तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या बंदिशीतली जागा समजावून सांगणाऱ्या गवयासारखा होतो. आपल्याला त्यातलं सगळं समजतं असं नाही. पण गळणारा नळ थांबवणारी चकती समुद्रापलीकडचा आवाज धरू शकते, याचा आनंद समजायला वेगळं शिक्षण लागत नाही.

अशा सुखासीन खोल्या काय कामाच्या, असं कुणी विचारलं की मला पोर्ट ब्लेअर आठवतं. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात हौशी केंद्र थाटून बसले होते, जगभरच्या छांदिष्टांशी रेडिओवर क्वचितच ऐकू येणाऱ्या त्या बेटावरून दोन शब्द बोलण्यासाठी. 26 तारखेच्या सकाळी त्सुनामी आली, नेहमीची संपर्कसाधनं कोलमडली, आणि छंदासाठी उभारलेलं तेच केंद्र माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवू लागलं. मला या प्रसंगात पराक्रमापेक्षा सराव दिसतो. क्षीण आवाज गोंगाटातून वेचणं, नाव अक्षर अक्षर करून घेणं, मध्ये न बोलणं, लिहून ठेवणं. हे सगळं कुणीतरी आधी निवांत खोल्यांमध्ये, वेताच्या खुर्चीत, चहा थंड होऊ देत शिकलं होतं. ऐकण्याची सवय सुखात लावून घ्यावी लागते, तेव्हा ती संकटात सापडते.

आता शेवटची वस्तू. टेबलाच्या डाव्या हाताला एक दुसरी खुर्ची आहे. रेडिओच्या हेडफोनची जोडणी दुहेरी केलेली आहे आणि दुसरा हेडफोन त्या खुर्चीच्या पाठीवर टांगलेला असतो. मी कॉलेजात असताना प्रथम तिथेच बसलो. सरांनी काही समजावलं नाही; “आधी ऐक की,” एवढंच म्हणाले. पुढे परीक्षा झाली, परवाना आला, स्वतःची खोली झाली, तरी काही पहाटे मी अजून त्या डाव्या खुर्चीत जाऊन बसतो.

गेल्या कार्तिकातली अशीच एक पहाट. खोलीत पिवळ्या दिव्याचं वर्तुळ, बाहेर अंधार फिकटत चाललेला, दुसऱ्या घड्याळात मध्यरात्र उलटून दहा मिनिटं झालेली. दिवसा आकाशाच्या खालच्या थरात सूर्यप्रकाशानं एक शोषणारी साय धरते आणि या पट्ट्यातले दूरचे आवाज गिळून टाकते. रात्री ती विरते, आणि वरच्या थरावरून लहरी उसळ्या घेत जातात. आमच्याकडे सूर्य यायला अजून थोडा अवकाश होता, आणि पश्चिमेला अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक सगळं काळोखात होतं. त्या काळोखाच्या पार टोकाहून, सळसळीच्या काठावर, एक मोर्सची ओळ आली. पीवाय: ब्राझील. तेरा-चौदा हजार किलोमीटर, सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागात. तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्र, कुणीतरी जेवून येऊन बसलेला. सरांनी पंखा बंद केला. हात टेबलावर टेकवला. मी श्वास हळू केला, नकळत. नाव, गाव, हवामान, एवढंच बोलणं झालं. आपल्या देशातली तार 2013 च्या जुलैत बंद झाली, पण तिची भाषा या हातभर लाकडावर अजून रोज बोलली जाते. शेवटी दोघांनीही एकमेकांना तारमास्तरांच्या जमान्यापासून चालत आलेला निरोप दिला: 73, सदिच्छा. मोर्समध्ये सात म्हणजे डा डा डि डि डिट. तीन म्हणजे डि डि डि डा डा. उलटीकडून वाचलं तरी तेच. आरशात पाहावं तसं ते दोन आकडे एकमेकांसमोर उभे राहतात, आणि इकडून तिकडे गेलेली सदिच्छा तिकडून इकडे येताना अक्षरशः तशीच्या तशी येते.

मग साय धरू लागली. ब्राझील सळसळीत बुडालं. सरांनी वहीत वेळ लिहिली, पेन्सिल ठेवली आणि हात उचलला. गार पहाटेत पॉलिश केलेल्या सागावर त्या उबदार हाताचं धुकं क्षणभर उमटून राहिलं, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, बरोबर हातभर; आणि आम्ही दोघं बघत असतानाच ते कडेकडून आत आत सुकत गेलं.